एका चौकोनाने कमी पडलेला मैल

चिंतामण बोडस श्वास रोखायचे तेव्हा ठाण्याच्या आमच्या कचेरीतलं भिंतीवरचं घड्याळ टोले गिळून टाकायचं. कोणाला ही थाप वाटेल, तर वाटू दे. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर नऊ वर्षं बसलो आणि त्या नऊ वर्षांत अकराचे टोले निदान वीस वेळा तरी सव्वाअकराला ऐकले. घड्याळ दुरुस्त करणारा यायचा, पाठीमागचं झाकण उघडून बघायचा, बोडसांकडे बघायचा आणि झाकण लावून निघून जायचा.

बोडस वक्र काढायचे. सरकार त्यांना पगार त्याचाच द्यायचं. स्वातंत्र्य नवंनवं होतं आणि नव्या सरकारला सगळं मोजून हवं होतं. कोणाकडे किती गुंठे जमीन, कोणत्या गावात किती वर्षांची किती मुलं, कोणाच्या घरापासून शाळा किती लांब. जिल्ह्यातून आकड्यांचे गठ्ठे यायचे. मी ते आकडे रेघांनी मोजायचो. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, की झाली एक जुडी. शून्य ते तीनमध्ये इतके, तीन ते सहामध्ये इतके, असे वर्ग पाडून तक्ता केला की माझं काम संपलं. तिथून पुढे बोडस.

बोडस त्या तक्त्याच्या शेजारी आणखी एक रकाना आखायचे. पहिल्या वर्गातली माणसं, मग त्यात दुसऱ्यातली मिळवायची, मग त्यात तिसऱ्यातली, असं शेवटपर्यंत. पुस्तकात याला संचित वारंवारता म्हणतात. बोडस म्हणायचे, "मागचं सोडायचं नाही आणि पुढचं त्यात मिळवत जायचं." मग ते ठिपके आलेखाच्या कागदावर मांडायचे आणि त्यातून एक रेघ न्यायची. ही रेघ डावीकडे खाली जमिनीपासून निघते, मधे घाईत चढते आणि वर जाऊन दमल्यासारखी आडवी होते. ती कधीही खाली येत नाही. अर्ध्या माणसांच्या उंचीवरून आडवं जाऊन रेघेला भेटायचं आणि तिथून सरळ खाली उतरायचं. जिथे पाय टेकेल तो मध्यक. अर्धी माणसं त्याच्या अलीकडे, अर्धी पलीकडे. सगळं सरकार त्या एका आकड्यावर चालायचं, असं बोडसांचं प्रामाणिक मत होतं.

ही रेघ ते हाताने काढायचे. कचेरीत वक्र आखायची सेल्युलॉइडची पट्टी, फ्रेंच कर्व्ह, होती, तिला ते हात लावत नसत. तिने खिडकीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून अडकवून ठेवलेलं होतं. पेन्सिल दाढीच्या पात्याने अशी तासायचे की टोक डोळ्यांना दिसायचं नाही, बोटाला लागल्यावर कळायचं. मग शिपाई पंखा बंद करायचा, हेडक्लार्क सामंत तोंडातलं पान गालात दाबून धरायचे आणि बोडस श्वास रोखायचे. पहिल्या ठिपक्यापासून शेवटच्या ठिपक्यापर्यंत एकच श्वास. एकदा भिवंडी तालुक्याच्या भातशेतीचा वक्र निघाला, त्याला सतरा वर्ग होते. बोडस बाराव्या वर्गाला निळे पडले, चौदाव्याला जांभळे, आणि शिपायाने समोरच्या दवाखान्यातून डॉक्टर आणला. डॉक्टरने नाडी धरली. बोडसांनी डाव्या हाताने त्याला बाजूला सारलं आणि सतरावा ठिपका गाठला. मग म्हणाले, "आता तपासा."

माणूस दिसायला असा की लक्षात राहू नये. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, कोटाच्या खिशात घडी घातलेला आलेखाचा कागद. घर डोंबिवलीला, स्टेशनपासून दहा मिनिटांवर. तेव्हा दहा मिनिटं चाललं की डोंबिवली संपून भातखाचरं लागायची. त्यांच्या पत्नी मालतीबाई कल्याणच्या. त्यांच्या लग्नाची गोष्ट त्या स्वतःच सांगायच्या, आणि सांगताना एकदाही हसायच्या नाहीत.

साखर रेशनवर होती. मालतीबाईंच्या वडिलांनी वर्षभर घरात बिनसाखरेचा चहा पाजून लग्नात जिलब्या केल्या. नवरदेव पंगतीत बसले ते कोणी किती जिलब्या घेतल्या ते मुंडावळ्यांच्या आडून टिपत. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांच्या पाया पडून त्यांनी वक्र हातात ठेवला. सासरे कल्याणच्या बाजारातले धान्याचे व्यापारी. त्यांनी तो कागद उलटा धरला, सुलटा धरला आणि विचारलं, "जावईबापू, हे इथे साडेचार लिहिलंय. साडेचार जिलब्या कोणी खाल्ल्या?"

"कोणी नाही."

"मग अर्धी कोणाच्या पानात टाकली? आमच्याकडे असं वाढत नाहीत."

बोडसांनी समजावलं की एक वर्ग शून्य ते चारचा, पुढचा पाच ते नऊचा. चार आणि पाच यांच्या मधे एक फट राहते. वर्ग एकमेकांना चिकटवून घेतल्याशिवाय वक्र पुढे नेता येत नाही, म्हणून हद्द साडेचारवर धरायची. सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आत जाऊन बायकोला सांगितलं, "मुलगा निर्व्यसनी आहे, पण अर्धी जिलबी कुठे गेली ते सांगत नाही."

मालतीबाई म्हणायच्या, "मी म्हटलं, दिसतो तर बरा. नुसता मोजतो. मोजू दे."

आमच्याकडे मधेच एक नवे साहेब बदलून आले. वयाने तरुण, कॉलेजात क्रिकेट खेळलेले, स्वभावाने मोकळे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी बोडसांचा एक वक्र मागवला आणि म्हणाले, "बोडस, ठिपके चुकलेत. ठिपका वर्गाच्या मधोमध हवा. तुम्ही शेवटाला दिलाय."

कचेरीत पंखा चालू होता, तरी सगळे घामाघूम झाले. बोडस शांत उभे.

"साहेब, आपण मुंबईहून माणसं मोजत निघालो. डोंबिवलीपर्यंतची मोजून झाली. आता डोंबिवली ते कल्याण हा वर्ग. ह्यातली शेवटची माणसं मोजून होतील तेव्हा आपण कुठे असू?"

"कल्याणला."

"आणि डोंबिवली-कल्याणच्या मधोमध काय येतं?"

"ठाकुर्ली."

"आपण म्हणता तो ठिपका तिथे पडतोय. ठाकुर्लीलाच सगळी मोजून झाली म्हटलं, तर ठाकुर्लीच्या पुढे जे लोक राहतात त्यांनी कुठे जायचं?"

साहेबांनी वक्रावरच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "तुम्ही राहता कुठे?"

"डोंबिवलीला."

"मला वाटलं, ठाकुर्लीच्या पुढे."

माणूस दिलदार होता, चूक कबूल केली. त्या दिवसापासून आमच्या कचेरीत अशा चुकीला ठाकुर्ली म्हणायला लागले. ठाकुर्लीचे दोन कारकून होते आमच्यात, त्यांनी लेखी तक्रार केली.

असे बोडस. आता त्या नळाचं सांगतो.

कळव्याच्या खाडीकडे मिठागरांवर काम करणाऱ्या लोकांची एक वाडी होती. एकशेवीस घरं. चारी बाजूंना पाणी आणि सगळं खारट. गोडं पाणी आणायला बायका मिठागराच्या पलीकडच्या विहिरीवर जायच्या. वाडीने नळासाठी अर्ज केला. सरकारचा नियम असा की वाडीतल्या निम्म्याहून जास्त घरांना पाण्यासाठी मैलापेक्षा लांब जावं लागत असेल, तरच नळ. मैलाचे आठ फर्लांग. मार्चअखेर जवळ आली होती, आणि मार्चअखेरपर्यंत कागद वर गेला नाही तर मंजुरी जाणार ती पुन्हा कधी येईल ते कोणी सांगू शकत नव्हतं.

आमचा माणूस वाडीवर जाऊन एकशेवीस घरांचे तक्ते भरून घेऊन आला. मी रेघा मारल्या. तीन तीन फर्लांगांचे वर्ग पाडले. आठ फर्लांगांची हद्द पडली सहा ते नऊच्या वर्गाच्या पोटात, त्यामुळे नुसत्या तक्त्यावरून काही कळेना. वक्र काढणं आलं. पंखा बंद झाला. सामंतांनी पान दाबलं. बोडसांनी रेघ नेली, साठ घरांच्या उंचीवरून आडवे गेले, खाली उतरले.

आठ फर्लांगांना एक बारीक चौकोन कमी. एक चौकोन आणि वर जेमतेम पाव.

जमिनीवर मोजलं तर हे अंतर सत्तावीस यार्ड भरतं. लोकलचा सव्वा डबा. तेवढ्याने वाडीचा नळ हुकला.

कचेरीत कोणीच त्या वाडीचं वाईट चिंतणारं नव्हतं, हे मला इथे नीट सांगितलं पाहिजे. उलट सगळेच दयाळू झाले. सामंत उठून बोडसांच्या टेबलाशी आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "बोडस, तुमची पेन्सिल फार बारीक. जाड घ्या की जरा. रेघेच्या जाडीतच बसतो तो चौकोन."

"बसतो," बोडस म्हणाले.

"मग?"

"मग पुढच्या वेळी कोणाला काही द्यायचं नसेल तेव्हाही तीच जाड पेन्सिल निघेल."

"अहो, बायका पाणी वाहतायत आणि तुम्ही पेन्सिलीचं काय घेऊन बसलात."

 बोडसांनी वक्राखाली सही केली, आठवर एक पुसट रेघ मारली आणि ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. मी विचारलं तर म्हणाले, "भूक आहे. जेवायला बसवत नाही."

तिसऱ्या दिवशी वाडीतून हौसाबाई आली. काष्ट्याचं आखूड लुगडं, मिठाने पांढुरके पडलेले पाय, आवाज असा की पलीकडच्या कचेरीतल्या लोकांनी आपापली दारं लावून घेतली. तिच्याबरोबर आणखी दोघी होत्या, त्या दाराशीच थांबल्या.

"रेघेनं आमचा नल अडवला म्हनं. कंची रेघ ती? माना दाखवा."

शिपाई तिला बाहेर काढायला निघाला. बोडसांनी खुर्ची पुढे केली, कागद तिच्यासमोर पसरला आणि साहेबांना समजावतात तसं तिला पहिल्यापासून समजावलं. ही घरं, हे फर्लांग, हा मैल. हौसाबाईने खुर्चीत न बसता सगळं ऐकलं.

"ह्यान आमचं घर कुठं हाय?"

बोडसांनी तक्ता काढला, नाव शोधलं. "तुमचं घर ह्या सहा ते नऊच्या वर्गात. सात फर्लांग."

"कोन बोल्ला?"

"तुमच्या दिराने लिहून दिलंय."

हौसाबाई दाराशी उभ्या असलेल्या दोघींकडे वळली. "आयकलंस गो? धाकला बोल्ला." आणि मग बोडसांना, "मास्तर, त्यो कदी पान्याला जेला?"

तक्ते भरायला गेलेला आमचा माणूस देवळाच्या पारावर बसला होता आणि वाडीतल्या पुरुषांना एकेक करून अंतर विचारत होता. पुरुषांनी मिठागराच्या मधल्या बांधावरचं अंतर सांगितलं. ते खोटंही नव्हतं. मधल्या बांधाला एके ठिकाणी खाडीचं पाणी आत घ्यायची उघाडी होती, आणि त्या उघाडीवर माडाचं एक खोड आडवं टाकलेलं होतं. पुरुष त्यावरून झपझप जायचे.

"आमीपन जातंव," हौसाबाई म्हणाली. "रिकामा हंडा हाय तवर जातंव. येताना डोईवर दोन हंडं, कमरंला कलशी. त्या खोडावरशी कशी येनार? येताना भायेरच्या बांदानं येतंव, सगल्या खाडीला वलसा घालून. माझी सून सातव्यान हाय. ती येती तवा ऊन उतरलेला असतं. तुमच्या कागदान ती नाय."

 बोडसांनी वक्र सरळ केला, लाल शाईचा टाक घेतला आणि स्वतःच्या सहीवर आडवी रेघ मारून कोपऱ्यात लिहिलं, 'चुकीच्या माणसांना विचारलेलं. अग्राह्य.' नऊ वर्षांत मी त्यांना स्वतःचा वक्र रद्द करताना पाहिलं ते एवढं एकदाच.

साहेबांना कळलं. त्यांनी बोलावून घेतलं.

"बोडस, अंतर ते अंतर. ठाणे ते कल्याण आणि कल्याण ते ठाणे वेगळं असतं का?"

"डोक्यावर दोन हंडे असतील तर असतं."

"मी त्या वाडीचा शत्रू नाही. पण मला शनिवारी कागद वर पाठवायचाय. शनिवारी टेबलावर जो वक्र असेल तो जाईल. नवा नसेल तर रद्द केलेला जाईल, आणि सोबत तुमचा खुलासा."

खुलासा म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. बोडसांची बढती वर्षभर वरच्या टेबलावर पडून होती. खुलासा गेला की ती तिथेच पडून राहणार होती.

मंगळवार होता. बोडसांनी भूमापनवाल्यांकडून लोखंडी साखळी आणली. अशा दहा साखळ्या भरल्या की एक फर्लांग. साखळीचं एक टोक त्यांनी धरलं, दुसरं माझ्या हातात दिलं. मी आकड्यांच्या जुड्या बांधणारा माणूस, पण दुसरं कोणी आलं नाही.

तीन दिवस आम्ही हंडे घेतलेल्या बायकांच्या मागून बाहेरचा बांध मोजत फिरलो. मार्चातलं ऊन आणि दोन्ही बाजूंना मिठाचे पांढरे ढीग. माझी सावली पहिल्या दिवशी दुपारी वितळली ती मला दोन दिवसांनी कळवा स्टेशनवर परत मिळाली. चिखलात बोडसांचा एक बूट गेला. दुसरा त्यांनी आपणहून काढून ठेवला, कारण एका बुटाने पावलं असमान पडतात. मागून येणाऱ्या बायका ओरडायच्या, "मास्तर, साखली नीट ताना. डुलतीया," आणि पुढे जाणाऱ्या थांबून आमची गंमत बघायच्या. दोन हंडे डोक्यावर घेऊन त्या आमच्यापेक्षा लवकर पोचायच्या.

वाडीला तीन आळ्या होत्या. एका आळीला बाहेरच्या बांधाने फारसा फरक पडत नव्हता. बोडसांनी तीही मोजली. मी म्हटलं, "ती कशाला? ती आपल्या विरुद्ध जाते."

"म्हणूनच," बोडस म्हणाले.

शेवटच्या दिवशी हौसाबाईच्या घराचं मोजून झालं. जाताना सात फर्लांग, येताना अकरा. बोडसांनी बेरीज केली, दोनने भागली आणि नऊ लिहिले. हौसाबाई वहीत डोकावली. तिला वाचता येत नव्हतं, पण अकराचे नऊ झालेले तिला बरोबर कळलं.

"मास्तर, दोन कशाला काढून घेतलंस?"

"जाताना तुम्ही रिकाम्या होता. जाणं आणि येणं मिळवून निम्मं केलं."

"भरला हंडा आनि रिकामा हंडा तुमच्याकडं येकच?"

 हा प्रश्न पुस्तकात नव्हता. बोडसांनी वही मिटली आणि म्हणाले, "एकच नाही, बाई. पण नियमात हंडा नाही. नियमात फक्त अंतर आहे. त्याच्यापेक्षा जास्त लिहिलं तर ते सगळंच खोडून टाकतील."

"आनि निम्मं करून नाय पुरला तर?"

"तर नाही पुरणार."

 हौसाबाई आत गेली आणि आम्हा दोघांना एकेक तांब्या पाणी आणून दिलं. ते पाणी कुठून आलंय ते आम्ही साखळीने मोजलेलं होतं. बोडस अर्धा तांब्या प्यायले आणि उरलेला त्यांनी परत केला.

शुक्रवारी दुपारी मी रेघा मारल्या. मला मनातल्या मनात बेरीज करायची होती, पण बोडसांनी माझ्याकडे नुसतं बघितलं आणि मी थांबलो. वक्र निघेपर्यंत कोणी अंदाज करायचा नाही हा त्यांचा कायदा होता. अंदाज केला की हात त्या बाजूला झुकतो म्हणायचे.

पंखा बंद झाला. त्या दिवशी पलीकडच्या कचेरीतलेही लोक दारात येऊन उभे राहिले. बोडसांनी पेन्सिल तासली, तीच, बारीक. ठिपके दिले, प्रत्येक वर्गाच्या वरच्या हद्दीवर. श्वास रोखला. आम्ही सगळ्यांनीच रोखला. ठाण्याच्या खाडीवरून येणारा वारा त्या वेळी पुलावर थांबून राहिला होता, असं नंतर एका टांगेवाल्याने मला सांगितलं. रेघ वर गेली, आडवी झाली. बोडस साठावरून आडवे सरकले, खाली उतरले.

आठ फर्लांग आणि वर चार चौकोन.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सामंतांनी खिडकीबाहेर पान थुंकलं आणि म्हणाले, "चहा सांगा रे सगळ्यांना." बोडसांनी कागदावर फुंकर घातली, सही केली आणि तो नाकापर्यंत नेऊन ते चौकोन पुन्हा मोजले. चार. मग पुन्हा मोजले.

शनिवारी साहेबांनी वक्र पाहिला. "छान काढलाय. पण वर विचारतील, बाई माडाच्या खोडावरून हंडा घेऊन का जाऊ शकत नाही. मला पटलं तरच मी सही करीन. मला अजून पटलं नाही. तोल सांभाळला तर काय कठीण आहे?"

बोडस म्हणाले, "साहेब, आपण खेळाडू आहात." एवढंच. त्यांनी शिपायाला व्हरांड्यातला लांब बाक उलटा करायला सांगितला. बाकाच्या पायांना जोडणारी वीतभर रुंदीची लाकडी पट्टी वर आली. मग कचेरीचा पिण्याच्या पाण्याचा माठ भरून आणायला सांगितला.

इथून पुढचं मी शपथेवर सांगतो. साहेबांनी कोट काढला, बाह्या दुमडल्या, माठ डोक्यावर घेतला आणि त्या पट्टीवर चढले. दोन पावलं फार डौलदार पडली. तिसऱ्याला माठाने स्वतःच दिशा ठरवली. कचेरीच्या व्हरांड्यात त्या दिवशी इतकं पाणी झालं की खालच्या कोर्टातल्या दोन वकिलांना वाटलं, खाडीला उधाण आलं, आणि त्यांनी पुढची तारीख मागून घेतली. साहेब केसांतून खापऱ्या काढत टेबलाशी आले, ओल्या हाताने सही केली आणि म्हणाले, "एकच होता म्हणून वाचलो. ती दोन घेते ना?"

"दोन आणि कमरेला एक," बोडस म्हणाले.

कागद गेला. आम्ही तो उन्हाळा बिनमाठाचा काढला. वरून एक पत्र आलं, अंतर जाताना व येताना भिन्न असण्याच्या कारणांचा खुलासा करावा. बोडसांनी खुलासा केला. त्यावर दुसरं पत्र आलं. असं दोन वर्षं चाललं, आणि दोन वर्षं बोडसांची बढती त्या पत्रांच्या खाली दबून राहिली. शेवटी ती दुसऱ्याच कोणाला मिळाली. नळ मात्र त्याआधीच आला. मंजुरी मिळाली होती ती कोणाच्या लक्षात आली नाही म्हणून टिकली असावी. नळ बसवला त्या दिवशी भाषणं झाली, त्यात बोडस नव्हते, वक्रही नव्हता.

मग बोडसांची बदली झाली, रत्नागिरीला. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी ते माझ्या टेबलाशी आले. "कळव्याला येता का? तासाभराचं काम आहे."

वाडीच्या तोंडाशी नळाला बायकांची रांग होती आणि हौसाबाई त्या रांगेवर राज्य करत होती. मधे घुसणाऱ्या एका पोरीला ती म्हणत होती, "तुझ्या आयशीनं इकतची जागा लिवून घेतलीया काय?" बोडसांना बघून तिने हंडा खाली ठेवला. तिची सून कडेवर पोर घेऊन मागे उभी होती. पोर लठ्ठ होतं. हौसाबाईने बोडसांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. बोडसांनी सगळा रिकामा केला.

मग आम्ही बाहेरच्या बांधावर गेलो. बोडस एका दगडावर बसले, घड्याळ काढून मांडीवर ठेवलं. समोर बांध लांबवर गेला होता, खाडीला वळसा घालून. दोन्ही कडेने खारं गवत वाढून वाटेवर आलं होतं, एखाद्या ठिकाणी वाट दिसतही नव्हती. एक म्हातारा जाळं खांद्यावर टाकून गेला. त्याच्याशिवाय तासाभरात कोणी आलं नाही. हंडा घेऊन तर कोणीच नाही.

मागून हौसाबाईची हाक आली. "मास्तर, कोनाची वाट बगतंस?"

"कोणाचीच नाही," बोडस म्हणाले.

त्यांनी वही काढली. वर तारीख घातली, खाली 'बाहेरचा बांध, दुपारी तीन ते चार' असं लिहिलं, आणि समोर एक शून्य काढलं. हळूच, गोल, टोकाला टोक मिळवून. मग खाली सही केली, मला साक्षीला सही करायला लावली आणि टोपी सरळ करून स्टेशनकडे चालू लागले.